घरात अक्कादी, शाळेत सुमेरियन

सूर्योदयाआधी

आई उठवते ती अक्कादीत आणि मुलगा कुरकुरतो तोही अक्कादीत. वय दहा-अकरा. गाव निप्पुर, आजच्या इराकमधलं, बगदादच्या आग्नेयेला. काळ इ.स.पू. १७४० च्या आसपासचा. बाबिलोनच्या गादीवर हम्मुराबीचा मुलगा सम्सु-इलुना बसलेला. बाजारातली घासाघीस, गल्लीतली भांडणं, बापाची बोलणी, सगळं अक्कादीत. घरात सुमेरियन बोलणारं माणूस या पोराने पाहिलेलं नाही. त्याच्या आजोबा-पणजोबांनीही पाहिलेलं नसावं. बोलभाषा म्हणून ती साधारण इ.स.पू. २००० च्या आगेमागे संपली. नेमकी कधी, यावर अभ्यासकांत अजून शे-दोनशे वर्षांची ओढाताण चालते. तरीही आज दिवसभर याला हीच भाषा लिहायची, घोकायची आणि जमेल तशी बोलायची आहे.

मुलाला मी नाव देत नाही. त्याचा दिवस मात्र हवेतून काढलेला नाही. १९५१-५२ मध्ये शिकागो आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांच्या पथकाने निप्पुरच्या 'टॅब्लेट हिल' या टेकाडात एक लहानसं घर खणून काढलं. नोंदींत त्याला 'हाउस एफ' असं रुक्ष नाव मिळालं. आत सुमारे १४०० मातीच्या पाट्या आणि त्यांचे तुकडे सापडले, बहुतेक शिकणाऱ्या मुलांच्या हातचे. निप्पुरच्या अशा पाट्यांवरून तिथला अभ्यासक्रम कोणत्या क्रमाने चाले ते नीक फेल्डहाउस यांनी लावून दाखवलं. एलिनॉर रॉब्सन यांनी या एका घरातल्या पाट्यांचा हिशेब मांडला. दिवसाचे तास आपल्या घड्याळाचे आहेत, ते फक्त सोयीसाठी.

साडेसहा

मुलगा भाकरी बांधून घेऊन निघतो. घरांच्या वर एकुरचं झिग्गुरात, म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा मनोरा, दिसतं. एकुर म्हणजे एन्लिलचं देऊळ, आणि एन्लिल म्हणजे देवांमधला वरिष्ठ. निप्पुर ही कुणा मोठ्या राजाची राजधानी नव्हती, पण दक्षिणेत जो कुणी राज्य करायला उठे त्याला निप्पुरच्या एन्लिलची मान्यता हवी असे. राजे बदलत गेले आणि देवाची भाषा तीच राहिली. स्तोत्रं सुमेरियन, विलाप सुमेरियन, राजांची बिरुदं सुमेरियन. या गावात सुमेरियन येणाऱ्याला काम मिळे.

शाळेला सुमेरियनमध्ये 'एदुब्बा' म्हणत. ग्रंथांतलं वर्णन वाचून कुणाला वाटेल, मोठी इमारत असेल, वर्ग असतील. हाउस एफमध्ये तसं काही नाही. शेजारच्या घरांसारखंच ते एक घर, तीन-चार खोल्यांचं आणि छोट्या अंगणाचं. भाकरीची भट्टीही आहे. मास्तर राहत्या घरीच शिकवत असावेत, आणि पोरं एका वेळी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी.

सात

पहिलं काम मातीचं. घरात भाजक्या विटांची, आतून डांबराने लिंपलेली कुंडी आहे. कालच्या पाट्या तिच्यात भिजत पडलेल्या. त्यांतून गोळा काढायचा, मळायचा, खडा किंवा मुळाचा तंतू लागला तर वेचून टाकायचा. तो राहिला तर ऐन अक्षरात आडवा येतो. मग गोळा थापून सपाट करायचा. पुढची बाजू जवळजवळ सपाट राहते आणि मागची थोडी फुगीर. आज संग्रहालयात पाटी हातात घेणारा माणूस या फुगवट्यावरूनच पुढची बाजू ओळखतो.

लेखणी म्हणजे बोरूच, पण शाईत बुडणारा नव्हे. छाटलेल्या टोकाचा कोपरा ओल्या मातीत टेकवायचा आणि उचलायचा. ओढला की माती उचकटते आणि अक्षर बिघडतं. टेकवलेल्या कोपऱ्याने एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला निमुळती अशी खूण उमटते, खिळ्यासारखी. खूण खोल असेल आणि उजेड तिरपा पडला असेल तर आतमध्ये बोरूच्या धाग्यांच्या रेघासुद्धा दिसतात. अगदी नवी पोरं काही दिवस नुसते खिळे टेकवतात: उभा, आडवा, तिरका. मग सुटी चिन्हं, मग 'तु-ता-ति, नु-ना-नि' असे स्वर बदलत जाणारे गट, मग माणसांच्या नावांच्या याद्या. आपला मुलगा यातून पुढे सरकला आहे.

साडेसात ते साडेनऊ

आजचा धडा लाकडाचा.

हा दिवसातला सगळ्यांत मोठा वेळ, आणि पुराव्याच्या दृष्टीने सगळ्यांत सुपीकही. मास्तर पाटीच्या डाव्या अर्ध्या भागावर दहा-पंधरा ओळी लिहून देतात, सुबक, एकाखाली एक. मुलाने त्याच ओळी उजव्या अर्ध्यात उतरवायच्या. चुकलं की बोटाने पुसायचं, गुळगुळीत करायचं, पुन्हा लिहायचं. असं सतत केल्यामुळे उजवी बाजू झिजत जाते. अशा पाट्यांची जाडी दोन्ही बाजूंना सारखी नसते. मास्तरांची बाजू जाड आणि पोराची पातळ. काही पाट्यांवर उजवीकडे जुन्या अक्षरांचे अर्धवट पुसलेले थर एकमेकांवर चढलेले आहेत.

यादी झाडांच्या नावांनी सुरू होते आणि मग लाकडाच्या वस्तूंकडे वळते: खुर्च्या, दारं, नावा, नांगर, गाड्या. एकूण शेकडो नोंदी. प्रत्येक नोंदीच्या आधी 'गिश' म्हणजे लाकूड हे चिन्ह येतं. ते नुसतं लिहायचं. पुढचा शब्द लाकडाच्या जातीतला आहे, एवढंच ते डोळ्यांना सांगतं. याच झाडांत 'मेस-मगन' आहे, मगन देशाचं मेस. मगन म्हणजे ओमानच्या बाजूचा मुलूख, आणि हे झाड बहुतेक अभ्यासक शिसम मानतात. मुलाने मगन पाहिलेलं नाही आणि बहुधा पुढेही तो पाहणार नाही. त्याला ते वीस वेळा लिहायचं आहे, इतकंच. लाकूड संपलं की बोरू-वेताच्या वस्तू, भांडी, कातडं, धातू, जनावरं, दगड, वनस्पती, मासे, पक्षी, कापड, गावांची नावं, खाणंपिणं. सगळं जग पाठ करायचं, तेही अशा भाषेत जी त्या जगात कुणी बोलत नाही.

निप्पुरच्या या याद्यांत अक्कादी अर्थ बहुधा लिहिलेला नसतो. मास्तर तो तोंडी सांगत आणि मुलं मनात ठेवत. लिखाणात अक्कादीला जागा नव्हती, पण तिच्यावाचून एक ओळही कळली नसती. शाळेत फक्त सुमेरियन चाले, असं ठोकून देणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

मग पाटी उलटायची. आपण पान उलटतो तशी उजवीकडून डावीकडे नाही, तर खालची कड वर आणून. मागच्या बाजूला आधी पाठ झालेल्या धड्याचा मोठा उतारा, न बघता, घाईच्या बारीक अक्षरात. पुढे नवा धडा आणि मागे जुना, अशा शेकडो पाट्या एकमेकींशी ताडून फेल्डहाउस यांनी कशानंतर काय शिकवत ते शोधलं. मास्तरांनी अभ्यासक्रम कुठेही लिहून ठेवलेला नाही. पोरांच्या उजळणीने तो सांगितला.

दहा

उभं राहून म्हणून दाखवायचं. इथे खरी फजिती होते, कारण एका चिन्हाचे उच्चार अनेक. तोंडाचं चित्र असलेलं एक चिन्ह 'का' वाचलं तर तोंड, 'झु' वाचलं तर दात, 'किरी' म्हणजे नाक, 'इनिम' म्हणजे शब्द आणि 'दुग' म्हणजे बोलणं. संदर्भावरून ओळखायचं. चिन्हं सुमारे सहाशे वापरात, आणि बऱ्याच चिन्हांची हीच तऱ्हा.

व्याकरण त्याहून परकं. अक्कादी ही अरबी-हिब्रूच्या कुळातली, सुमेरियन कुणाच्याच कुळातली नाही. आजवर तिचं नातं तुर्कीपासून तमिळपर्यंत अनेक भाषांशी जोडून पाहिलं गेलं, पण पटण्यासारखं एकही निघालं नाही. शब्दाला प्रत्ययांची शेपटं लागत जातात, क्रियापदाला पुढून-मागून, आणि वाक्य क्रियापदावर संपतं. या पोराला सगळ्यांत जड जाणारी गोष्ट मराठी वाचकाला मात्र चटकन कळेल. 'राजा गेला' म्हणताना सुमेरियनमध्ये राजा म्हणजे 'लुगल' नुसता राहतो. 'राजाने घर बांधलं' म्हणताना त्याला 'ए' लागतो, 'लुगल-ए'. आपला 'ने' तेच काम करतो. अक्कादीत राजा दोन्हीकडे सारखाच. त्यामुळे तो 'ए' कुठे लावायचा आणि कुठे नाही, हे अक्कादी पोरांना घोकूनच शिकावं लागे, आणि त्यांच्या हातच्या पाट्यांत तो गळालेला किंवा भलतीकडे चिकटलेला सापडतो.

उसनवारी दोन्हीकडून झाली. इतर सेमिटिक भाषांसारखं क्रियापद आधी न आणता अक्कादी ते शेवटी आणते, ही सवय शेकडो वर्षांच्या सुमेरियन शेजाराची. 'ए-गल', म्हणजे मोठं घर, हा सुमेरियन राजवाडा अक्कादीत 'एकल्लु' झाला, हिब्रूत 'हेखाल' आणि अरबीत 'हैकल'.

अकरा

पाढे. ज्यांच्या घरात आजी-आजोबांनी पावकी-दिडकी म्हणून घेतली असेल त्यांना हा तास ओळखीचा वाटेल. इथे गणती साठाची. उभा खिळा म्हणजे एक आणि कोनातली खूण म्हणजे दहा, या दोनच खुणांत सगळे आकडे. शून्य नाही, अपूर्णांकाचं टिंब नाही. एक खिळा आणि पुढे तीन कोन म्हणजे नव्वद, किंवा दीडसुद्धा. पाढे पन्नासापासून सुरू होऊन खाली उतरतात, असे सुमारे चाळीस. त्यांत दिडकी आहे, अडीचकी आहे, सवायकी आहे. प्रत्येक पाढा एक ते वीस, मग तीस, चाळीस, पन्नास. त्याआधी साठाच्या जोड्या पाठ: दोनाला तीस, तीनाला वीस, आठाला साडेसात. पोरांना भागाकार म्हणून वेगळा करावाच लागत नसे. जोडी काढायची आणि गुणायचं.

दुपार

भाकरी, कांदा, सावली.

दीड

उन्हाच्या वेळी थोरल्या मुलांचं काम बघण्यासारखं असतं. त्यांतला एकजण करारपत्राचा नमुना लिहितो आहे: जवाचं कर्ज, घराची विक्री, दत्तक. सगळा मजकूर सुमेरियन, फक्त साक्षीदारांची नावं आणि तारीख गाळलेली. खऱ्या व्यवहारात कर्ज घेणारा आणि देणारा दोघेही अक्कादी बोलणारे, पण कागद, म्हणजे पाटी, सुमेरियन वाक्प्रचारांची. कायद्याची भाषा लोकांच्या भाषेपेक्षा शेकडो वर्षं मागे राहते, आणि त्या मागे राहण्यावर लिहिणाऱ्यांची पोटं चालतात.

दुसरा काव्यावर पोहोचला आहे. या पायरीला बहुतेक मुलं ज्या रचना उतरवत त्यांतल्या दहांचा एक गट आज अभ्यासक मानतात. त्यात राजा शुल्गीचं आत्मस्तुतीचं गाणं आहे. निप्पुरहून ऊरला आणि ऊरहून परत, एका दिवसात पळत गेल्याची बढाई त्यात मारलेली आहे. कुदळीचं एक गाणं आहे, त्यात कुदळीचं सुमेरियन नाव 'अल' जमेल तिथे शब्दांत कोंबलेलं आहे. मला ते साहित्यापेक्षा शुद्धलेखनाचा सराव वाटतं, आणि मास्तरांना ते बहुधा म्हणूनच आवडत असावं. गिल्गामेश आणि देवदार वनाचा राखणदार हुवावा यांची कथाही या दहांत आहे. केश गावच्या देवळाचं स्तोत्र आहे. त्याच्या प्रती अबू सलाबिख इथे इ.स.पू. २६०० च्या सुमाराच्या सापडल्या आहेत, म्हणजे या पोराच्या हातात येईपर्यंत ते आठशेहून अधिक वर्षं उतरवलं जात होतं. आणि इनान्ना देवीचं ते स्तोत्र आहे ज्यात एन्हेदुआन्ना स्वतःचं नाव घेऊन बोलते. ही सार्गोन राजाची मुलगी आणि ऊरच्या चंद्रदेवाची मुख्य पुजारीण. ते तिनेच रचलं का, यावर शंका घेणारे आहेत. पण नावानिशी ओळखली जाणारी जगातली पहिली कवयित्री म्हणून जिचं नाव घेतात, तिचं ते स्तोत्र आपल्याला मिळालं आहे ते मुख्यतः तिच्यानंतर पाच-सहाशे वर्षांनी जन्मलेल्या शाळकरी पोरांच्या प्रतींतून.

कंटाळाही असे. निप्पुरच्या एका शालेय पाटीवर दातांचे ठसे आहेत. फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातल्या अभ्यासकांनी ते तपासून घेतले तेव्हा चावणाऱ्याचं वय बारा-तेरा निघालं. अक्षर अडलं म्हणून चावा घेतला की भुकेने, ते ज्याने त्याने ठरवावं.

चार

छडीचा विषय टाळता येत नाही. सॅम्युअल नोआ क्रेमर यांनी तुकडे जुळवून १९४९ मध्ये एक सुमेरियन रचना प्रसिद्ध केली. तिच्यात मुलगा दिवसभर मार खातो: उशीर झाला म्हणून, बोलला म्हणून, परवानगीशिवाय उठला म्हणून, अक्षर वाईट म्हणून, सुमेरियन बोलला नाही म्हणून. शेवटी बाप मास्तरांना घरी जेवायला बोलावतो, नवं वस्त्र आणि अंगठी देतो, आणि मास्तर अचानक पोराचं तोंडभर कौतुक करू लागतात. ही खरी हकिगत मानून लोक अनेकदा सुमेरियन शाळेचं चित्र रंगवतात. मला ते पटत नाही. ही रचनासुद्धा पोरांना उतरवायला दिलेला धडाच होता. मास्तरांनी स्वतःवर केलेला विनोद, पोरांचा हात चालता राहावा म्हणून. मार बसत असणारच, पण मास्तर नेहमी अंगठी घेऊन गप्प बसत, याचा पुरावा म्हणून ती चालणार नाही. अशाच दुसऱ्या एका रचनेत महिन्याचा हिशेब दिला आहे: शाळेचे दिवस चोवीस, सुट्टीचे तीन आणि सणाचे तीन. तो खरा असावा. विनोद करायला कुणी इतका नीरस आकडा निवडत नाही.

सूर्यास्त

दिवसभराचं लिखाण कुंडीत जातं. आता तुम्ही विचाराल, मग १४०० पाट्या राहिल्या कशा? त्या जपून ठेवल्या म्हणून नाही. घराची डागडुजी निघाली तेव्हा वाळलेल्या पाट्या जमिनीखाली भर म्हणून घातल्या, भिंतीत चिणल्या. विटांऐवजी पाट्या, माल फुकटचा. त्यांतल्या सुमारे निम्म्या याद्या-पाढ्यांच्या असतील, पण उरलेल्या कितीतरी पाट्यांवर ऐंशीच्या आसपास साहित्यकृतींचे उतारे आहेत.

मुलगा घरी पोहोचतो आणि पुन्हा अक्कादीत बोलू लागतो. मोठा होऊन तो पत्रं लिहील, तीही अक्कादीतच. पण चांदीसाठी आणि जवासाठी चिन्ह सुमेरियन शब्दाचं लिहील आणि वाचणारा ते अक्कादीत वाचेल. त्या लिपीतून सुमेरियन काढून टाकणं कुणाला शक्यच नव्हतं. पुढच्या काही दशकांत दक्षिणेची शहरं ओस पडली, निप्पुरही मोडकळीला आलं, आणि या पोराने उतरवलेल्या कितीतरी रचना नंतर कुणी उतरवल्या नाहीत. याद्या मात्र निघाल्या आणि दूर गेल्या. त्याच्यानंतर चार-पाचशे वर्षांनी हित्ती राजधानी हत्तुशात आणि सीरियाच्या किनाऱ्यावर उगारितमध्ये परभाषिक पोरं त्याच झाडांच्या आणि भांड्यांच्या याद्या घोकत होती. बाबिलोनच्या देवळांत सुमेरियनचं शिक्षण ग्रीक आल्यावरही चालू राहिलं. एका बाजूला खिळे आणि दुसऱ्या बाजूला त्यांचाच उच्चार ग्रीक अक्षरांत, अशा काही पाट्या सापडल्या आहेत. या खिळ्यांच्या लिपीतल्या, म्हणजे क्युनिफॉर्ममधल्या, शेवटच्या पाट्या इ.स. पहिल्या शतकातल्या. त्यानंतर ही भाषा इतकी विसरली गेली की एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा वाचता येऊ लागली, तेव्हा जोसेफ हालेवी यांच्यासारखा विद्वान म्हणत राहिला की अशी भाषाच नव्हती, ती पुजाऱ्यांनी रचलेली गुप्त लिपी होती.

हाउस एफच्या पाट्या उत्खननानंतर बगदाद, शिकागो आणि फिलाडेल्फियात वाटल्या गेल्या. 'क्युनिफॉर्म डिजिटल लायब्ररी इनिशिएटिव्ह'च्या संकेतस्थळावर निप्पुरच्या शालेय पाट्यांची छायाचित्रं कुणालाही फुकट पाहता येतात. जरूर पाहा. डावीकडचं मास्तरांचं अक्षर आधी पाहा, मग उजवीकडचं पोराचं, आणि मागच्या बाजूचा फोटो पाहताना लक्षात ठेवा की पाटी खालून वर उलटलेली आहे.